बैदुरी : एका रत्नाच्या नावाचा प्रवास

मलाय भाषेचा एखादा शब्दकोश तुमच्या हाती आला, तर 'ब' या अक्षराखाली 'बैदुरी' हा शब्द काढून पाहा. अर्थ दिलेला असेल, ओपल. म्हणजे ज्या रत्नाला थोडे हलवले की आत तांबड्या, हिरव्या, निळ्या ठिणग्या खेळताना दिसतात ते रत्न. इंडोनेशियाच्या भाषेत हाच शब्द थोडा आखडून 'बिदुरी' असा येतो आणि तेथे त्याचा अर्थ जरा सैल आहे. रंगांचा खेळ दाखवणारी अनेक प्रकारची रत्ने या एका नावात बसतात. 'बिदुरी बुलान' म्हणजे चंद्रकांत किंवा मूनस्टोन. 'बुलान' म्हणजे चंद्र. जावा बेटावर याच शब्दाचा उच्चार 'विदुरी' होतो (गंमत म्हणजे जावात आपल्या रुईच्या झाडालाही विदुरीच म्हणतात).

हा 'विदुरी' उच्चार ऐकल्यावर तुमच्यापैकी संस्कृत घेतलेल्यांचे कान टवकारले असतील. बैदुरी म्हणजे आपला 'वैदूर्य' शब्दच! आता खरा प्रश्न पुढे आहे. आपल्याकडे जवाहिऱ्याच्या दुकानात जाऊन 'वैदूर्य दाखवा' म्हटले, तर तो लसण्या काढील. लसण्या म्हणजे मांजराच्या डोळ्यासारखी उभी प्रकाशरेषा दाखवणारा पिवळसर-हिरवट खडा. ओपलशी त्याचे काडीचेही नाते नाही. रसायन वेगळे, काठिण्य वेगळे, घनता वेगळी. आणि खनिजशास्त्राचे काही मराठी ग्रंथ उघडलेत, तर त्यांत 'वैदूर्य' हा शब्द बेरिल या तिसऱ्याच खनिजासाठी वापरलेला आढळेल. शब्द एक आणि दगड तीन. हे झाले कसे, आणि खडा हाती आला तर तो यांपैकी कोणता हे ओळखायचे कसे, हे दोन्ही आज पाहू.

आधी उच्चाराचे पाहू, कारण ते सोपे आहे. मलाय भाषेत संस्कृत शब्द फार जुन्या काळापासून आले. सुमात्रा बेटावर पालेंबांगजवळ सापडलेला केदुकान बुकित हा शिलालेख इसवी सन ६८२ चा आहे. भाषा जुनी मलाय, लिपी दक्षिण भारतातील पल्लव लिपी, आणि मजकुरात संस्कृत शब्दांची रेलचेल. अशा शब्दांतील 'व' चा मलाय लोकांच्या जिभेवर पुष्कळदा 'ब' झाला. 'वंश' चे झाले 'बांग्सा', आणि अर्थ झाला राष्ट्र. 'वाचा' चे झाले 'बाचा', म्हणजे वाचणे. 'विष' चे झाले 'बिसा'. बंगाली माणूसही 'व' चा 'ब' करतो, तेव्हा आपल्याला यात नवल वाटू नये. जावातील लोकांनी मात्र 'व' पुष्कळ ठिकाणी जपला, म्हणून तेथे विदुरी. शेवटचा 'र्य' हा जोड उच्चार 'री' वर येऊन थांबला. वैदूर्य, बैदुरी, बिदुरी, अशी ही उतरंड आहे.

रत्नांच्या बाबतीत मलाय भाषेने नुसते एकच नाव घेतले असे नाही. नीलमण्याला तेथे 'निलाम' म्हणतात. 'मानिकाम' हे आपले माणिक, पण शेवटच्या 'म' वरून दिसते की ते तमिळ व्यापाऱ्यांच्या तोंडून गेले आहे. माणकाला 'देलिमा' असेही म्हणतात, आणि देलिमा म्हणजे डाळिंब, संस्कृत 'दाडिम'. डाळिंबाचा दाणा आणि माणिक शेजारी ठेवून पाहिले, तर हे नाव देणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. अरबी-फारशीतून आलेली नावेही आहेत. पाचूला 'झामरुद', आपल्या अकीकला 'आकिक'. मलाय बंदरांत कोणकोणत्या देशांची गलबते लागत होती, याची नोंदच जणू या शब्दांत होऊन बसली आहे.

विदूर कोठे आहे?

आता आपण शब्दाच्या उगमाकडे वळू. हा वाद नवा नाही, चांगला दोन हजार वर्षांचा आहे.

पाणिनीने आपल्या व्याकरणात एक सूत्र देऊन सांगितले की, 'विदूर' या स्थानापासून जे उत्पन्न होते ते 'वैदूर्य'. पुढे पतंजलीने महाभाष्यात या सूत्राची चिकित्सा करताना एक शंका उपस्थित केली. ती कोणत्याही चौकस विद्यार्थ्याला शोभेल अशी आहे. हे रत्न विदूरात निघतच नाही. ते निघते वालवाय नावाच्या पर्वतात. विदूरात त्याच्यावर फक्त संस्कार होतात, म्हणजे ते घासूनपुसून तयार केले जाते. मग सूत्र चुकले काय? यावर पतंजलीने एक तोड सुचवली. वालवायलाच वैयाकरण विदूर म्हणतात असे समजावे, जसे व्यापारी लोक वाराणसीला 'जित्वरी' म्हणतात. एका धंद्यातील लोकांचे गावाला स्वतःचे नाव असू शकते.

व्याकरणाचा भाग सोडून द्या. यातील भौगोलिक माहिती पाहा. खाण एका ठिकाणी, कारागीर दुसऱ्या ठिकाणी, आणि नाव पडले ते कारागिरांच्या गावावरून! असे आजही होते. ज्यांना आपण 'बसरा मोती' म्हणतो ते इराणच्या आखातात निघत. बसरा ही बाजारपेठ होती. पिरोजाला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ 'तुर्की दगड'. खाणी इराणात, पण युरोपात तो तुर्कस्तानमार्गे पोचला. तेव्हा रत्नाच्या नावातील गाव म्हणजे खाणच, असे धरून चालू नये.

आजच्या बहुतेक भाषाशास्त्रज्ञांचे मत असे की, मूळ शब्द संस्कृत नसून दक्षिणेतील आहे. पाली व प्राकृत भाषांत तो 'वेळुरिय' असा येतो. त्याचे मूळ द्राविडी भाषांत असावे आणि 'वैदूर्य' किंवा 'वैडूर्य' हे त्याला संस्कृतचा पोशाख चढवून केलेले रूप असावे. याला खाणींचा पुरावाही पूरक आहे. तमिळनाडूच्या कोंगू भागात पडियूर येथे फिकट निळ्या-हिरव्या बेरिलची जुनी खाण आहे, आणि त्याच टापूत नोय्यल नदीच्या काठी कोडुमणल या गावी झालेल्या उत्खननांत बेरिल, स्फटिक, अकीक यांचे मणी घडवण्याच्या कामाचे अवशेष मिळाले आहेत. येथे घडवलेले मणी पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून रोमला जात. या परिसरात रोमन नाण्यांचे साठे सापडले आहेत ते उगीच नव्हे. इसवी सन ७९ मध्ये मरण पावलेल्या प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवून ठेवले आहे की, बेरिल भारतातून येतात, अन्यत्र क्वचितच मिळतात, आणि समुद्राच्या पाण्याच्या रंगाचे बेरिल सर्वांत मोलाचे. त्याने आणखी एक गोष्ट लिहिली आहे. साध्या स्फटिकाला रंग देऊन नकली बेरिल करण्याची युक्ती भारतीयांना साधली आहे! रत्नांच्या धंद्यात अस्सल आणि नकली हा प्रश्न किती जुना आहे ते यावरून दिसते.

प्लिनीने वापरलेला 'बेरिल' हा शब्द म्हणजे 'वेळुरिय' चे ग्रीक-लॅटिन रूप. येथून पुढे या शब्दाने जो प्रवास केला तो थक्क करणारा आहे. मध्ययुगात युरोपात स्वच्छ पारदर्शक दगडाला सरसकट बेरिल म्हणू लागले. अशा दगडाची भिंगे करून वाचायला वापरत, म्हणून जर्मन भाषेत चष्म्याला आजही 'ब्रिल' म्हणतात. फारशी-अरबीत स्फटिकाला 'बिल्लौर' म्हणतात. तोही याच कुळातला मानतात. आणि तेथून तो मराठीत आला. आजीकडे 'बिलोरी आरसा' असेल, किंवा तुम्ही 'बिलोरी काच' असे शब्द वाचले असतील. एकच शब्द मराठीत दोन दारांनी शिरला आहे, पोथीतून वैदूर्य म्हणून आणि बाजारातून बिलोरी म्हणून! बौद्ध ग्रंथांबरोबर तो चीनमध्ये गेला, तेथे त्याचे 'लिउली' झाले आणि अर्थ झाला रंगीत काच. जपानात 'रुरी' झाले, आणि अर्थ झाला गडद निळा लाजवर्द.

१७९८ मध्ये व्होकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बेरिल आणि पाचू यांचे पृथक्करण केले. दोघांच्या स्फटिकांचा आकार हुबेहूब एकसारखा, षट्कोनी. तेव्हा द्रव्यही एकच आहे काय ते पाहावे, असे स्फटिकतज्ज्ञ आयुई यांनी त्यांना सुचवले होते. द्रव्य एकच निघाले आणि त्यात एक नवे मूलद्रव्यही निघाले. त्याच्या क्षारांना गोड चव होती (आणि ती फार विषारी असतात, तेव्हा चव घेण्याची ही पद्धत कोणी अनुसरू नये!). म्हणून त्याला प्रथम 'गोड' या अर्थाचे नाव दिले होते, पण अखेर बेरिलियम हेच नाव टिकले. आवर्तसारणीत चौथ्या क्रमांकावर बसलेले हे मूलद्रव्य. १९३२ मध्ये चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला तो बेरिलियमवर अल्फा कणांचा मारा करूनच, आणि २०२१ मध्ये अवकाशात सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या आरशाचे अठराही तुकडे बेरिलियमचे आहेत. दक्षिणेतील कोणा मणिकाराच्या तोंडचा शब्द तुमच्या रसायनशास्त्राच्या तक्त्यात कसा आला, हे आता तुम्ही वर्गात सांगू शकाल.

प्रकाशाचे तीन खेळ

असो. शब्दाचे झाले, आता दगडांकडे येऊ. जुन्या लोकांनी इतक्या वेगवेगळ्या दगडांना एक नाव दिले, म्हणून त्यांना अडाणी ठरवण्याचे कारण नाही. त्यांच्यापाशी रासायनिक पृथक्करण नव्हते, क्ष-किरण नव्हते. डोळे होते, आणि ते चांगले होते. त्यांनी दगडाचे वर्गीकरण त्यातील प्रकाश कसा वागतो यावरून केले. माझा तर्क असा की, 'वैदूर्य' हे नाव मलाय जगात पोचले तेव्हा त्याच्याबरोबर 'ज्यात प्रकाश हलतो तो दगड' एवढीच कल्पना गेली असावी. जावाच्या पश्चिम टोकाला, बांतेन प्रांतातील लेबाक जिल्ह्यात, ज्वालामुखीच्या खडकांत उत्तम ओपल मिळतो. स्थानिक लोक त्याला 'कालिमाया' म्हणतात. ज्याच्याजवळ जो चमकता दगड होता त्याला त्याने मोठ्या ग्रंथातले नाव दिले.

पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने लसण्या, चंद्रकांत आणि ओपल यांतील प्रकाशाचे खेळ तीन निरनिराळे आहेत.

लसण्याचे स्पष्टीकरण तुम्ही घरच्या घरी पाहू शकता. रेशमी दोऱ्याची रीळ घ्या आणि दिव्याखाली धरा. रिळावर दोऱ्यांना काटकोनात जाणारा एक चमकदार पट्टा दिसेल. रीळ फिरवली तरी पट्टा दिव्याकडे तोंड करूनच राहतो. प्रत्येक दोरा हा एक बारीकसा वर्तुळाकार आरसा आहे आणि त्याने परावर्तित केलेला प्रकाश त्याच्या लांबीला लंब दिशेत पसरतो. लसण्याच्या खड्यात, म्हणजे क्रिसोबेरिल या खनिजात, सुयांसारखे असंख्य सूक्ष्म तंतू एकमेकांना समांतर अडकलेले असतात. खडा वरून घुमटासारखा गोल घासला की त्या सर्व तंतूंचे परावर्तन एका रेषेत गोळा होते. खडा सपाट पैलूंचा केला तर रेषा नाहीशी होते! म्हणजे मांजराचा डोळा निम्मा निसर्गाने आणि निम्मा कारागिराने केलेला असतो. पतंजलीने खाण आणि विदूर असा भेद केला तो येथे आठवतो. केरळ, ओडिशा आणि श्रीलंका येथे असे खडे मिळतात.

चंद्रकांतातील निळसर गूढ उजेडाचे कारण वेगळे. हा फेल्स्पार जातीचा दगड. वितळलेला खडक फार सावकाश थंड होताना त्यातील पोटॅशियमयुक्त आणि सोडियमयुक्त भाग वेगळे होतात आणि त्यांचे पातळ थर एकाआड एक बसतात. थरांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास असते. अशा थरांवरून प्रकाश विखुरतो आणि त्यात निळ्याचे प्रमाण अधिक राहते.

ओपलचे काय? हे कोडे बराच काळ सुटले नव्हते. ओपलमध्ये आहे काय, तर सिलिका, म्हणजे वाळूचेच द्रव्य, आणि त्यात अडकलेले थोडे पाणी. कोणताही रंगीत क्षार नसताना इंद्रधनुष्य येते कोठून? चंद्रशेखर वेंकट रामन यांना रत्नांतील प्रकाशाचे भारी वेड होते. बंगळूरच्या आपल्या संस्थेत त्यांनी जयरामन यांच्याबरोबर चंद्रकांताचा आणि ओपलचाही अभ्यास केला. ओपलवरील त्यांचा निबंध १९५३ चा आहे. हे रंग नियमित अंतरावरील थरांमुळे पडतात, हे त्यांनी मांडले होते. पण ते थर कशाचे, हे दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा होता. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील सँडर्स आणि त्यांचे सहकारी यांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली ओपलचा ताजा तुकडा पाहिला, तेव्हा दिसल्या सिलिकेच्या गोळ्या! सगळ्या एकाच मापाच्या, फळवाल्याने संत्री रचावीत तशा थरावर थर रचलेल्या.

या गोळ्यांचा व्यास साधारण १५० ते ३०० नॅनोमीटर असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. २५० नॅनोमीटरच्या गोळ्या ओळीने मांडल्या तर एका मिलिमीटरमध्ये चार हजार मावतील. आता थोडे गणित करू, वही घ्या.

पांढरा प्रकाश अशा थरांवर सरळ पडला की प्रत्येक थरावरून थोडासा परत फिरतो. दुसऱ्या थरावरून आलेल्या किरणाला पहिल्यापेक्षा थरांमधील अंतराच्या दुप्पट प्रवास जास्त पडतो. हा जादा प्रवास, माध्यमाचा वक्रीभवनांक लक्षात घेऊन, बरोबर एका तरंगलांबीइतका भरला की सर्व थरांवरून आलेले तरंग एकमेकांना साथ देतात आणि तेवढा रंग झळकतो; इतर रंगांचे तरंग एकमेकांना मारतात. म्हणून

झळकणारी तरंगलांबी = २ × वक्रीभवनांक × थरांमधील अंतर.

ओपलचा वक्रीभवनांक सुमारे १.४५. दाटीने रचलेल्या गोळ्यांत थरांमधील अंतर गोळीच्या व्यासाच्या ०.८२ पट असते (वरची गोळी खालच्या खळग्यात बसते, म्हणून पूर्ण व्यासाइतके नाही). २०० नॅनोमीटरची गोळी घेतली तर अंतर १६४, आणि तरंगलांबी येते सुमारे ४७५ नॅनोमीटर. हा निळा रंग. २५० ची गोळी घेतली तर ५९५, म्हणजे नारिंगीकडे झुकणारा पिवळा. ३०० ची घेतली तर ७१३, म्हणजे गडद तांबडा, दृश्य प्रकाशाच्या अगदी काठावर. १५० ची घेतली तर उत्तर सुमारे ३५७ येते. ते जंबुपार किरणांत मोडते, डोळ्याला काहीच दिसणार नाही. म्हणजे गोळ्यांचे माप थोडे चुकले की रंग गेला. मापे सारखी नसली, किंवा रचना विस्कळीत असली, तरी रंग गेला. मग उरतो तो दुधट, निस्तेज ओपल. खाणीत असाच ओपल फार निघतो.

खडा कलता केला की रंग का बदलतो, तेही याच सूत्रात आहे. किरण तिरपा गेला की सूत्राच्या उजव्या बाजूला किरणाने दगडाच्या आत लंबाशी केलेल्या कोनाची कोसाइन गुणिली जाते. हा कोन ३० अंश असेल तर गुणक ०.८७. आपला ५९५ चा पिवळा-नारिंगी रंग घसरून ५१५ वर येतो, आणि तो झाला हिरवा. कलते केल्यावर रंग नेहमी तांबड्याकडून निळ्याकडेच सरकतो, उलट नाही. यावरून असेही निघते की, ज्या ओपलला तांबडा साधतो त्याला हिरवा-निळाही साधतो, पण निळ्या ओपलला तांबडा कधीच साधणार नाही. तांबड्या झळकेच्या ओपलची किंमत बाजारात अधिक असते, ती याला धरूनच आहे.

आणि हा मुळात कोणता ते ठरवायचे कसे?

नावावर विसंबून दगड घेतला तर फसगत होते. इंडोनेशियात २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत अंगठीच्या खड्यांची एकच लाट उसळली होती. रस्तोरस्ती खडे घासणारे बसले, कोणत्याही बेटाचे नाव लावलेल्या दगडाला भाव आला, आणि लाट ओसरल्यावर अनेकांच्या हातात नुसते दगड उरले. आपल्याकडे लसण्या म्हणून जो खडा विकला जातो तो पुष्कळदा क्रिसोबेरिल नसून तंतुमय गारगोटी असतो, किंवा काचेच्या तंतूंची जुडी वितळवून केलेला असतो. रेषा सर्वांत दिसते. काचेच्या खड्यात तर ती अस्सलपेक्षाही सरळ आणि ठसठशीत दिसते!

डोळा फसतो तेथे तराजू फसत नाही. आर्किमिडीजचे तत्त्व तुम्ही शिकला आहात, ते येथे कामी येते. खडा अंगठीतून सुटा असावा. प्रयोगशाळेतील भौतिक तुलेने आधी हवेत त्याचे वजन करा. मग बारीक नायलॉनच्या धाग्याने टांगून, उकळून थंड केलेल्या पाण्यात बुडवून वजन करा. पाणी उकळायचे ते त्यातील हवा जावी म्हणून. खड्याला एक बुडबुडा चिकटला तरी उत्तर बिघडते. समजा, हवेत १.८५ ग्रॅम आणि पाण्यात १.३५ ग्रॅम भरले. घट ०.५० ग्रॅम. १.८५ ला ०.५० ने भागले की सापेक्ष घनता ३.७. हा क्रिसोबेरिल असण्याचा संभव मोठा. तोच खडा पाण्यात १.१५ भरला असता तर घट ०.७० आणि घनता २.६४, म्हणजे गारगोटी. बेरिलची घनता २.७ च्या आसपास, चंद्रकांताची २.५७, ओपलची २.१ च्या आगेमागे. बेरिल आणि गारगोटी यांत फरक फार थोडा आहे. तेथे शाळेच्या तुलेवर भिस्त ठेवू नये, वक्रीभवनांक पाहावा. गारगोटीचा १.५४ ते १.५५, बेरिलचा १.५७ ते १.५८, क्रिसोबेरिलचा १.७५, चंद्रकांताचा १.५२. घनता आणि वक्रीभवनांक या दोन आकड्यांत बहुतेक खडे आपली ओळख देतात. काचेची घनता मात्र तिच्या घटकांप्रमाणे बदलते, तेव्हा एका आकड्यावर निकाल देऊ नये, हे शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावे.

एक सावधगिरी. ओपलवर हा प्रयोग करायचा तर खडा पाण्यात फार वेळ ठेवू नका. काही ओपल सच्छिद्र असतात, ते पाणी पितात आणि मग वजनही चुकते. ओपलला उष्णताही सोसत नाही. त्यातील पाणी उडाले की अंगावर बारीक तडे जातात. ज्वालामुखीच्या खडकातील ओपलमध्ये पाणी जास्त असल्याने त्यांना हा धोका अधिक.

शाळेत ओपल कोठून आणायचा, असे तुम्ही म्हणाल. त्याची गरज नाही. घरात जुनी, टाकून दिलेली कॉम्पॅक्ट डिस्क असेल, तिच्यावर १.६ मायक्रोमीटर अंतरावर चर असतात. खिडकीच्या उजेडात ती सावकाश कलती करा आणि एकाच ठिकाणी रंग कोणत्या क्रमाने येतात ते लिहून काढा. मग साबणाच्या फेसाचा एक बुडबुडा घ्या, मोराचे पीस मिळाले तर तेही घ्या. तिन्हींत रंगद्रव्याशिवाय रंग दिसतो. कलते करताना रंग कोणत्या बाजूला सरकतो, हे मात्र तिन्हींत सारखेच आहे काय, ते आपल्या डोळ्यांनी पाहून ठरवा आणि ओपलच्या सूत्राशी ताडून पाहा.